आधी वेळ सांगावी

आमच्या घरात झोपलेल्या माणसाला नुसतं "ऊठ" म्हणायची बंदी होती. आधी वेळ सांगायची, मग वार, मग काम. मला एकोणचाळीस वर्षं असंच उठवलं गेलं. "सव्वापाच झालेत. गुरुवार हाय. मोटर चालू करा." हलवायचं नाही, पांघरूण ओढायचं नाही. खाटेच्या पायथ्याशी उभं राहून सांगायचं आणि निघून जायचं. पहिल्या वर्षी मी चिडून म्हणालो होतो, "मला काय वार विसरला का?" तर म्हणाली, "झोपेत माणूस कुठं जाऊन येतो त्याचं त्याला म्हाईत नसतं. आल्या आल्या हातात काम दिलं तर उलटंच करतो. आधी वेळ सांगावी."

ही माझी बायको. तिचं नाव लिहीत नाही. जन्मभर तोंडाने घेतलं नाही, आता कागदावर कशाला घेऊ? गावात सगळे तिला काकू म्हणायचे. तिच्यापेक्षा वयाने मोठे शेतकरीही काकूच म्हणायचे. तिला जाऊन आता सात महिने झाले. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण जे आले ते "काकू लई मायाळू होत्या" एवढंच बोलून गेले. मायाळू काही ती नव्हती. जी होती ती मी सांगतो.

वाटूरपासून मंठ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आमचं रान. तिथे पत्र्याच्या दोन खोल्या, आतून भिंतीला जाड थर देऊन बंद केलेल्या. ते तिचं चॉकी केंद्र. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले सात-आठ दिवस फार नाजूक असतात. शेतकऱ्याच्या शेडात तेवढी ऊब आणि ओल सांभाळता येत नाही. म्हणून ती अंडी एकाच ठिकाणी फोडायची, अळ्यांच्या दोन झोपा होईपर्यंत कोवळी तुती चिरून चारायची आणि मग ज्याच्या त्याच्या शेडात पाठवायच्या. चाळीस घरच्या अळ्या तिच्याकडे वाढायच्या. ती त्यांना अळ्या म्हणत नव्हती. पोरी म्हणायची.

पन्नाशी गाठल्यावर तिने हे शिकून घेतलं. महिनाभर गावाबाहेर राहून आली. लोक हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. सातवी पास बाई, पायात रबरी चप्पल, मनगटावर पुरुषाचं मोठं घड्याळ. ते घड्याळ तिच्या वडिलांचं. पट्टा सैल व्हायचा म्हणून तिने तो कापून खिळ्याने नवी भोकं पाडली होती. आंघोळीला काढायची तेवढंच.

केंद्राच्या दारात ती माणसाचा वास घ्यायची. खरंच, नाक पुढे करून. तंबाखूचा वास अळीला मारतो, अत्तराचाही त्रास होतो. मला तंबाखूची सवय होती. "चिंचेच्या पुढं यायचं न्हाई तुमी," म्हणाली. चिंच केंद्रापासून चाळीस पावलांवर. दोन वर्षं मी चिंचेखाली बसून निरोप ओरडायचो आणि ती दारातून ओरडून उत्तर द्यायची. शेवटी तंबाखू सुटली. दवाखान्यातल्या डॉक्टरला जे जमलं नाही ते अळ्यांनी केलं. मंठ्याचे एक शेठजी होते. घराणं राजस्थानातलं, पण चार पिढ्या इथेच. विजेच्या सामानाचं दुकान आणि अंगाला कायम अत्तर. ते पहिल्यांदा आले तेव्हा तिने हौदाकडे बोट केलं.

"शेठजी, आधी हात-मान धुवा. साबण तिथं हाय."

"काकूजी, मेहमान को ऐसा?"

"मेहमान तुमी हाव. पोरी पण मेहमानच हायत. त्या आधी आल्यात."

शेठजींनी मान धुतली. तेव्हापासून आमच्याकडे यायच्या दिवशी ते अत्तर लावत नसत. एवढा दरारा.

जुना लॅपटॉप शेठजींनीच आणून दिला. त्याला त्यांच्या मेकॅनिकने एक पेटी जोडली. मशीनमध्ये कामांची वेळ लिहून ठेवायची, ती वेळ झाली की पेटी आपोआप दिवा लावते, पंखा लावते, पाण्याचा फवारा सोडते. तोवर ती चोवीस तास स्वतः उठबस करायची. मशीन आल्यावर मी म्हणालो, आता झोप तरी घे. ती झोपली नाही. सहा महिने मशीनच्या मागे बसून राहिली. मशीन दिवा लावायचं आणि ही मनगटाकडे बघायची. एक मिनिट इकडेतिकडे झालं की तिच्याच भाषेत शिव्या. त्यातल्या लिहिण्यासारख्या एक-दोनच आहेत, त्याही राहू दे.

इंग्रजी तिला अक्षर-अक्षर लावून यायची. सुनेची शाळेतली डिक्शनरी घेऊन बसायची. पडद्यावर काही उमटलं की आधी वहीत उतरवायची, मग एकेका शब्दाचा अर्थ शोधायची. एका ओळीला कधीकधी दुपार जायची. मी म्हणायचो, कोणाला तरी विचार. "इचारते ना," म्हणायची. "आधी काय इचारायचं ते तर कळू दे."

तर त्या वर्षीचं सांगतो. ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते हेच.

अंडी फुटायच्या आधी दोन दिवस त्यांना पूर्ण अंधारात ठेवतात. अंड्यावर आधी काळा ठिपका येतो, मग अंडं निळसर होतं. तेव्हा अंधार केला की ज्या पुढे असतात त्या थांबतात आणि मागच्या गाठतात. मग तिसऱ्या दिवशी पहाटे एकदम उजेड करायचा. सगळ्या एकदम फुटतात. हे एकदम फुटणंच सगळं असतं. मागेपुढे फुटल्या तर मागेपुढे झोपतात. अळी कात टाकताना झोपते तेव्हा तिला चारायचं नसतं, हलवायचं नसतं. एकाच ताटात अर्ध्या झोपलेल्या आणि अर्ध्या भुकेल्या निघाल्या तर कोणाचं ऐकणार? अख्खा लॉट जातो. म्हणून तिचा कायदा होता. अंधाराच्या दोन दिवसांत त्या खोलीत काडीचाही उजेड पडता कामा नये. दार उघडायचं नाही. दिवे पहाटे पाचला, मशीन लावील.

आणि नेमकी त्याच वेळी मंठ्याला तिच्या भावाच्या मुलीची हळद आली. सख्खा भाऊ, एकुलती मुलगी. तिला जावंच लागलं. सात वर्षांत पहिल्यांदा तिने केंद्र मशीनवर आणि माझ्यावर सोडलं. सून माहेरी गेल्ती, बाळंतपणाला. दुपारच्या एसटीने जाताना मला पाच वेळा सांगितलं.

"दार उघडायचं न्हाई."

"न्हाई उघडत."

"उजेड न्हाई पडला पाह्यजे."

"न्हाई पडत, बाई. जा तू."

"साडेसहाला बोळातून पारा बघायचा, बाहेरूनच. मंग तिकडं फिरकायचं न्हाई."

खोलीच्या बाहेर अरुंद बोळ. बोळात स्टुलावर मशीन. मधे काचेची छोटी खिडकी, त्यावर काळा पडदा, बाजूला पारा. संध्याकाळी मी बराबर गेलो. पारा ठीक होता. पण बघतो तर काय, मशीनच्या पडद्याचा निळा उजेड काळ्या पडद्याच्या फटीतून आत चाललेला. सुरीच्या पात्यासारखी रेघ, सरळ अंड्यांच्या ताटावर.

एरवी मशीनवर एक काळं फडकं टाकलेलं असायचं. ते जागेवर नव्हतं. मशीनचा पडदा विझवायचं बटण मला ठाऊक नाही. आणि हिचा कायदा तर डोक्यात घणासारखा वाजतोय, काडीचाही उजेड नको. मग मी मशीनचं झाकण लावलं. हळूच, झोपलेल्या पोराच्या खोलीचं दार लावतात तसं. रेघ गेली. ठार अंधार झाला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. वाटलं, आज नसतो तर हिच्या पोरींचं काय झालं असतं?

पहाटे मी खुर्ची टाकून दारात राखण बसलो. एक कुत्रं आलं, हाकललं. मध्यरात्री लाईन गेल्ती, ती पाचच्या आधी आली. मी दार उघडलं नाही. काळ्या पडद्यांमागे आत दिवे लागले की नाही ते बाहेरून दिसत नाही, आणि बघायचा हुकूम नव्हता.

ती नऊच्या गाडीने उतरली. भावाकडच्या लग्नाला थांबली नव्हती. नवरीला सांगून आली, "तुझ्या अक्षता तुझा बाप टाकील. माझ्या चाळीस घरच्या पोरी आज फुटणार हायत." भाऊ नंतर वर्षभर बोलत नव्हता.

"कसं काय?" मला म्हणाली.

"बिलकुल बराबर," मी म्हणालो. "चिमणीबी फिरकू दिली न्हाई."

ती बोळात गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. मग तिने खिडकीचा काळा पडदा जरा सरकवला. मग बाहेर आली तेव्हा तोंड पांढरं पडलेलं. "दिवे लागले न्हाईत," एवढंच म्हणाली.

पाव हिश्शाच्या अळ्या अंधारातच फुटून काळ्या मुंग्यांसारख्या ताटात फिरत होत्या. बाकीच्या अजून अंड्यातच. सव्वानऊला तिने हाताने दिवे लावले. फुटलेल्या अळ्या हंसाच्या पिसाने एका बाजूला घेतल्या, उरलेल्या दुसऱ्या बाजूला. एका लॉटचे दोन केले. मधे चुन्याची रेघ ओढली. आणि त्याच दुपारी चाळीसच्या चाळीस शेतकऱ्यांना स्वतः फोन लावले. "तुमचा माल दोन हिश्शांत येईल. पहिला सोमवारी, दुसरा मंगळवारी. चूक माझ्याकडची हाय."

संध्याकाळी पंधरा-वीस जण येऊन अंगणात बसले. कुंभार पिंपळगावचा एक जण होता, बोलायला तिखट. त्याने एका दिवसाच्या बेताने तुती कापायला माणसं सांगून ठेवली होती. तो म्हणाला, "काकू, मशीन झोपलं तुमचं, अन् नशीब झोपलं आमचं. हातानं करत व्हत्या तेच बरं व्हतं. बाईमाणसाला काय करायचं कम्प्युटर?"

मी उठणार होतो. तिने हाताने मला बसवलं.

"तीन दिवस द्या," ती म्हणाली. "मशीननं दिवे काहून लावले न्हाईत, त्याचं कारण काढून दाखवते. तुमच्या डोळ्यांसमोर. न्हाई निघालं तर ह्या दाराला कुलूप लावून किल्ली तुमच्या हातात. पुढचा लॉट मी घेणार न्हाई."

तो म्हणाला, "बघा हां काकू. मागनं फिरायचं न्हाई."

"माझं घड्याळ बघ," ती म्हणाली, आणि मनगट त्याच्यापुढे धरलं. "सहा वाजून दहा. इथून तीन दिवस."

सात वर्षांचं केंद्र तिने अंगणात डावाला लावलं. आणि मी तिथे बसलेलो, झाकणाचं एक अक्षर बोललो नाही. तेव्हा मला वाटतही नव्हतं की झाकणाचा काही संबंध असेल. झाकण लावलं म्हणजे झाकलं. पातेल्यावर ताट ठेवलं तर आतली भाजी शिजायची थांबते का? पण तिसऱ्या दिवशीपर्यंत संबंध वाटायला लागला होता, आणि तरी बोललो नाही. हे लिहून टाकतो, म्हणजे मोकळा होतो.

दुसऱ्या दिवशी शेठजी मेकॅनिकला घेऊन आले. मशीनमध्ये एक जागा असते. मशीनचं दिवसभरात काय दुखलं-खुपलं ते सगळं तिथे वेळेसकट लिहिलेलं असतं. तिथे पिवळ्या त्रिकोणांची रांग लागलेली. दोन त्रिकोण घड्याळाचे, पाच-सहा कामाच्या वेळापत्रकाचे. मेकॅनिकने बघितलं आणि हसला.

"काकू, हे पिवळं आहे. लाल नाही. पिवळ्याकडे लक्ष द्यायचं नसतं."

"काविळीत बी माणूस पिवळाच व्हतो," ती म्हणाली.

"अहो, मशीन झोपेतून उठलं की असे दोन-चार येतातच. सगळ्यांच्याच येतात."

"सगळ्यांच्या मशीनला चाळीस घरच्या पोरी सांभाळायच्या न्हाईत. झोपेतून उठलं म्हंता, तर मला सांगा, झोपलं कवा?"

मेकॅनिक म्हणाला, सगळं पुसून नवं टाकून देतो. तिने मशीनवर दोन्ही हात ठेवले. "पुसायचं न्हाई. पुसलं तर दुखणं काय व्हतं ते बी पुसून जाईल." शेठजी म्हणाले, "काकूजी, दुसरा लॅपटॉप देतो, ह्याला सोडा." तर म्हणाली, "दुसऱ्याला हाच आजार झाला तर? मंग तिसरा देताल?"

ते गेले आणि ती वही घेऊन बसली. त्या दोन दिवसांत तिने मशीनला सतरा वेळा झोपवलं आणि सतरा वेळा उठवलं. वहीत तीन रकाने. झोपलं कवा, उठलं कवा, उठून काय म्हणालं. एकदा वीज चालू ठेवून झोपवायची, एकदा वायर काढून. मधूनच पोरींना पाला. चुन्याच्या रेघेच्या अलीकडच्या वेगळ्या, पलीकडच्या वेगळ्या. जेवण मी करून आणायचो. भाकरी जाड झाली तरी बोलली नाही, म्हणजे कुठल्या तंद्रीत असेल बघा.

दुसऱ्या संध्याकाळी मला म्हणाली, "अहो, हे एक दुखणं न्हाई. दोन हायत. एकावर एक चढलंय." वायर चालू ठेवून झोपवलं तर उठल्यावर घड्याळ बरोबर असायचं, पण झोपेत राहून गेलेलं काम मशीन करायचंच नाही. राहिलं म्हणून पिवळा त्रिकोण काढायचं आणि गप्प. आणि वायर काढून झोपवलं तर घड्याळही थांबायचं. आत बटणाएवढा एक सेल असतो, घड्याळासाठी. तो मेला होता. मशीनची मोठी बॅटरी तर कधीचीच मेलेली. म्हणजे लाईन गेली की घड्याळ जिथे झोपलं तिथेच उभं. उठल्यावर त्याला वाटायचं, अजून झोपलो तेव्हाचीच वेळ आहे. मग दोन मिनिटांनी नेट यायचं, खरी वेळ सांगायचं आणि मशीन एकदम पुढे उडी मारायचं. मधली सगळी कामं उडीच्या खाली.

"बघा," ती म्हणाली, "माणसासारखंच हाय. झोपेतून उठवलं अन् वेळ सांगितलीच न्हाई त्याला कोणी."

मी वहीकडे बघत होतो. शेवटच्या पानावर तिने वेगळ्या शाईने लिहिलं होतं : त्या दिवशी, संध्याकाळी सहा बेचाळीस. मशीनमध्येच लिहिलेलं होतं ते. कोणत्या मिनिटाला झोपलं ते. मी झाकण लावलं ती हीच वेळ. तिने वही मिटली आणि म्हणाली, "भाकरी जाड झालती आज."

तिसऱ्या संध्याकाळी सहा वाजता अंगण भरलं. पहिल्या वेळेपेक्षा जास्त लोक. मंठ्याहून शेठजी नवा सेल घेऊन आले होते, मान धुऊन. तिने मशीन बाहेर ओट्यावर आणलं, पेटी जोडली, पेटीला एक दिवा. सगळ्यांना सांगितलं, हा दिवा सहा वाजून दहा मिनिटांनी लागायचा आहे. मशीनमध्ये तसं लिहिलं. मग सहा वाजून पाचला तिने झाकण लावलं आणि वायर काढली. सव्वासहाला वायर लावून झाकण उघडलं. दिवा लागला नाही. घड्याळ सहा-पाच दाखवत होतं. दोन मिनिटांनी टुणकन पुढे गेलं. तिने मशीन फिरवून पिवळे त्रिकोण एकेकाला दाखवले, देवाचा प्रसाद वाटतात तसे.

पिंपळगावचा म्हणाला, "म्हंजे झाकण लावल्यानं झालं. अन् मंग त्या दिशी झाकण लावलं कोणी?"

मी उभा राहिलो. "म्या लावलं," म्हणालो. "मशीनच्या उजेडाची रेघ आत पडत व्हती. म्हणून लावलं."

सगळे तिच्याकडे बघत होते.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "बसा खाली."

मग ती आत गेली आणि येताना तिची प्रवासाची पिशवी घेऊन आली. तिच्यातून काढलं ते काळं फडकं. मशीनवर टाकायचं. त्याच्या घडीत अजून हळदीचा डाग होता. "आहेराची साडी बांधायला काही सापडंना," ती म्हणाली, "म्हणून जाताना हे घेऊन गेल्ते मी. उजेड पडला तो माझ्यामुळं. अंधाराचा कायदा माझा. ह्यांनी तो पाळला. झाकण लागलं की झोपायचं, हे मशीनला कोणी सांगितलं? म्या नीट बघितलं न्हाई, म्हंजे म्याच सांगितलं. चूक एकाची असती तर मी त्याचं नाव घेतलं असतं. इथं चुकीवर चूक बसलीय, अन् तळाशी मी हाय."

मग तिने सगळ्यांसमोर दुरुस्ती केली. शेठजींनी सेल बदलला. झाकण लावलं तरी झोपायचं नाही, असं तिने मशीनला लिहून दिलं. दिव्याच्या कामापुढे खूण केली, राहिलं तर जाग येताच कर. फवाऱ्यापुढे ती खूण केली नाही. पिंपळगावच्याने विचारलं, त्याला का नाही? म्हणाली, "उशिरा आलेला उजेड चालतो. उशिरा आलेलं पाणी झोपलेल्या पोरींवर पडलं तर मरतील. सगळीच राहिलेली कामं करायची नसतात." मग पुन्हा झोपवलं, वायर काढली, पुन्हा उठवलं. घड्याळ बरोबर आणि राहिलेला दिवा जागच्या जागी लागला.

अंगणात कोणीतरी टाळी वाजवली. पिंपळगावच्याने तेवढ्यात उठून दाराची किल्ली खुंटीवरून काढली. त्याने ती तिच्या हातात दिली.

"धरा काकू. पुढच्या लॉटला माझं नाव पहिलं लिवा."

"पहिलं न्हाई," ती म्हणाली. "बाईमाणसाला कम्प्युटर कशाला, म्हणलास ना? शेवटचं लिहिते." आणि खरंच शेवटचं लिहिलं. वर्षभर तो शेवटचाच राहिला.

त्या लॉटचे दोन्ही हिस्से नीट वाढले. कोष चांगले निघाले. ती मला पुढे कधी झाकणावरून बोलली नाही. फक्त कधी मी तिला हुकूम विचारला की एवढंच म्हणायची, "हुकमासंगं डोकंबी वापरा." पुढे आसपासची केंद्रवाली माणसं मशीन गोणीत घालून तिच्याकडे आणायची, पिवळं आलंय म्हणून. ही आधी विचारायची, "झोपलं कवा?" त्या मेकॅनिकने एकदा माझ्यासमोर तिच्या वहीचे फोटो काढून नेले. मी चौथी, ती सातवी. मला त्या दिवशी कोणी विचारलं असतं तर मी छाती काढून सांगितलं असतं, ही माझी बायको.

शेवटच्या वर्षी ती पुढच्या खोलीत पडून असायची. औषधाने दिवसादिवसा झोप लागायची. जाग आली की डोळे भिरभिरायचे. मग मी खाटेच्या पायथ्याशी उभा राहायचो. "सव्वाचार झालेत. सोमवार हाय. सूनबाईनं तुती कापलीय, पोरी अंधारात हायत." ते ऐकलं की डोळे जागेवर यायचे. त्या मंगळवारी दुपारी तिला अशीच जाग आली. मी म्हणालो, "तीन वाजून दहा. मंगळवार. उद्या पहाटे फुटणार हायत." तिने हात कसाबसा वर केला, मनगटाकडे बघितलं आणि म्हणाली, "दोन मिनटं मागं हाव तुमी."

संध्याकाळी ती गेली.

घर माणसांनी भरलं. मंठ्याचा भाऊ आला, मला धरून रडला. अंत्यविधी सकाळी ठरला. पहाटे कोणाला केंद्राची आठवण नव्हती. मला होती. तिचं घड्याळ माझ्या हातात होतं. पट्टा मला आखूड पडतो, म्हणून मुठीत धरून मी केंद्राच्या दारात खुर्ची टाकून बसलो. आता दाराला खाली एक बारीक फट होती, दिवसा चिंधीने बुजवायची. त्या दिवसानंतर तिनेच पाडून घेतली होती, बाहेर बसणाऱ्याला कळावं म्हणून. पाचला एक मिनिट कमी होतं. मग पाच वाजले आणि फटीत उजेडाची रेघ उमटली. आत कोणी नव्हतं. कोणी हात लावला नव्हता. बरोबर पाच.

मागून सून आली. रडून डोळे सुजलेले, काय करावं हे न कळून उभी राहिली.

"मामा, घरातल्या बायका म्हंत्यात सुतकात कामाला हात लावायचा न्हाई."

मी मूठ उघडून घड्याळ बघितलं.

"पाच वाजून दोन मिनटं," मी म्हणालो. "बुधवार हाय. जा, पाला चिरायला घे. पोरी उठायला लागल्यात."